कानात सांगितलेला हेतू

९ फेब्रुवारी, रविवार

कामिनी खेळायला येणार! धीरज म्हणाला, "मी संगे शे म्हनीसन घरना सोडी ऱ्हायनात." भाऊ आहे तिचा. त्याच्याशिवाय तिला तळोद्याला पाठवणार नाहीत.

बसायचं रिषभच्या दुकानाच्या माळ्यावर. कॉलेज अर्धवट टाकून आलो तेव्हा होस्टेलवरून एवढंच शिकून आणलं — एकेकाने पात्र व्हायचं, बोलत बोलत गोष्ट खेळायची, अडलं की फासा टाकायचा, एका बैठकीत संपवायचं. गोष्ट मी चालवतो. सुरुवातीला प्रत्येकाच्या कानात त्याच्या पात्राचा गुपित हेतू सांगतो. शेवटी सगळ्यांनी तो उघड करायचा.

कामिनीचा हेतू ठरवलाय. इथेसुद्धा लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

डोंगरात वाट चुकलेली टोळी. रिषभला सांगितलं, तू टोळीचं मीठ चोरतोस. धीरजला — तू आंधळा नाहीस, सोंग करतोयस. कामिनीला — तुझा वाटाड्यावर जीव आहे.

वाटाड्या मीच होतो.

आणि ती काय खेळली! नदीपाशी म्हणाली, "तू म्होरे चाल. मी तुन्हा मांगे येस." फासा माझ्या हातातून निसटला.

संपल्यावर मी घाईने म्हटलं, आज हेतू नको सांगायला. रिषभ म्हणे, "मग मजा काय राहिली? मीठचोर मी." धीरज हसत म्हणाला, "माले समदं दिसी ऱ्हायनं व्हतं." मग कामिनीने सांगितला. हळू, खाली बघत.

धीरजचं हसू गेलं. "आन् वाटाड्या कोन व्हता?"

तिथे गप्प बसायचं ना! मी ओरडलो, खेळ आहे, खेळ! वर तिलाच म्हणालो — "नको होतं तर इतकं मनापासून का बोललीस?"

भावासमोर. ती उठून गेली. धीरज तिच्यामागे.

१७ फेब्रुवारी

रिषभ म्हणाला, "तिला वाटलं होतं, आपण चांगलं खेळलो." तेवढंच वाटलं होतं तिला.

तेवढंही मी ठेवलं नाही.

२० फेब्रुवारी

माफीचा मेसेज लिहिला. पुसला. त्यातही शेवटी मी तिच्याकडे काहीतरी मागतच होतो.

२ मार्च, रविवार

रिषभने बोलावलं. गोष्ट आज कामिनी चालवणार होती. धीरजने माझ्याकडे बघितलं नाही. तिने त्याला, मग रिषभला जिन्यात नेऊन कानात हेतू सांगितला. माझी पाळी आली म्हणून मी उठलो.

"तू बठ," ती म्हणाली. मग सगळ्यांसमोर, मोठ्याने — "तुले गुपित नही."

बसलो.