खिशातला हात

दि. ७ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. डाव्या हाताने लिहायचं म्हणजे आधीच गोगलगाय, त्यात तुला तोंड दाखवायची सोय नाही. लिहायला बसायचो आणि ऊन फार आहे, पेन अडतंय, असं काहीतरी काढून उठायचो.

तुझ्या मुलाखतीचं मी वाटोळं केलं. परतीच्या बसमध्ये तू मला खिडकीची जागा दिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस, तेव्हाच ओळखलं. इस्पितळाने सांगितलं होतं, अर्धांगाचा पेशंट घेऊन या आणि काम करून दाखवा. तू मला नेलंस. मला वाटलं, आजोबा जितका चपळ दिसेल तितकी नातीची नोकरी पक्की. म्हणून तुझ्या आजीला दाराबाहेर काढून मी एकट्या डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावायचा सराव केला. तिथे तू म्हणालीस की आजोबा, सावकाश, दोन्ही हात वापरा. मी आपला उजवा हात खिशात कोंबून पटापट बटणं लावून मोकळा! मुलाखत घेणाऱ्या त्या मोठ्या बाई लिहायला लागल्या तेव्हा छाती फुगवून बसलो होतो. घरी आल्यावर तुझी आजी म्हणाली, अहो, पोरीला शिकवूच दिलं नाहीत, तर त्यांनी तिचं बघायचं काय?

खरं म्हणजे तो लुळा हात चारचौघांत दाखवायची लाज वाटली. जन्मभर रंधा मारलेला सुताराचा हात तो.

लुळ्या हातांना रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची जागा रोज निघत नाही, असं तूच म्हणाली होतीस. चूक म्हाताऱ्याची आहे, असं बाईंना लिहू का? रागाव हवं तर, पण गप्प बसू नकोस.

तुझा अपराधी,
आजोबा


दि. १२ जून

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना पत्रबित्र पाठवू नका, पाया पडते! एकदा मदत केलीत तेवढी पुरे.

बसमध्ये मी रागावले नव्हते, खजील झाले होते. तुम्ही बाहेर बाकावर होतात तेव्हा बाईंनी विचारलं, या गृहस्थांना उजव्या हाताने नेमकं काय करायचं आहे? मला सांगता येईना. अख्खी सुट्टी मी तुमच्याकडून बटणं लावून घेतली, कारण आमच्या पुस्तकात आधी बटणं येतात. तुम्हाला काय हवंय ते विचारलंच नाही. तसंच मी बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग विचारा, त्यावरून उपचार कसे करणार ते लिहून आणा, जागेचं नंतर बघू.

तेव्हा आजोबा, मला खूश करणारं उत्तर नको. तुम्हाला काय हवं ते कळवा.

आजीला नमस्कार. नात बावळट निघाली म्हणून माया कमी करू नका.

तुमची,
ठकी


दि. १८ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचून घाम फुटला. आधी लिहिलं, पुन्हा रंधा मारायचा आहे. ते बाईंना भारी वाटावं म्हणून होतं, फाडलं. मग लिहिलं, सही करायची आहे. माझ्या सहीला आता कोण विचारतंय? तेही फाडलं.

खरं ते असं. डाव्या हाताने जेवताना माझं ताट पुढे पुढे पळतं. म्हणून तुझी आजी समोर बसून ते धरून ठेवते, माझं होईपर्यंत. मग आपलं गार झालेलं जेवते. गरम करून घे म्हटलं तर म्हणते, उन्हाळ्यात गारच बरं. थंडीतसुद्धा असंच काहीतरी म्हणायची. मी हात धुवायला उठतो.

उजव्या हाताने ताट दाबून धरता आलं पाहिजे. मग आम्ही दोघं एकदम जेवू. बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

एवढ्यावर नोकरी मिळते का, मला काय कळणार? फारच साधं वाटलं तर तुझ्या शब्दांत जरा सजवून... नको. सजवू नकोस. आहे तसंच बाईंना दे.

आणि त्या काय म्हणतात ते, बरं असो वा वाईट, लगेच कळव. माझा जीव टांगणीला आहे. पोस्टमन आता मला फाटकात बघून लांबूनच पत्र नाही अशी मान हलवतो.

तुझा,
आजोबा