काका, आवाज येतोय का?

३ फेब्रुवारी, मंगळवार
परत नेट गेलं! पुण्याच्या बाईंनी पहिलं चित्र दाखवलं असेल-नसेल, टॅब्लेटवर ते गोल गोल फिरायला लागलं. बाईंनी सांगितलंय, “तुम्ही शेजारी असलात की काका तुमच्याकडेच बघतात, बाहेर थांबा.” म्हणून मी स्वयंपाकघरात. धावत आले तर वायफायच्या डब्यावरचे दिवे एकेक करून लागत होते. बाई परत दिसेपर्यंत वेळ संपली.

दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. पाय आता थोडा उचलतात, पण तोंडातून ‘ता ता’च्या पुढे काही नाही. घोडेगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस! सोनईत बोलायला शिकवणारं कोणी नाही. नगरला न्यावं तर गाडीत उलट्या होतात. म्हणून अमृतने पुण्याहून हे सगळं जोडून दिलं. वायफाय, टॅब्लेट, मंगळवार-शुक्रवार या बाई. पोराने एवढं केलं, आणि तेच चालेना.

४ फेब्रुवारी
कस्टमर केअरला फोन. कितीतरी वेळ नुसतं गाणं ऐकलं. मग एक मुलगा – “मॅडम, राउटर बंद करून चालू करा.” केलं. “आता चालू आहे?” आहे हो, पण शुक्रवारी बंद पडेल! “मग शुक्रवारी बंद पडलं की शुक्रवारी फोन करा.”



६ फेब्रुवारी, शुक्रवार
पडलं. फोन केला. गाणंच.

८ फेब्रुवारी
हातापाया पडून छगनला बोलावलं, तोच इथली लाईन बघतो. शिडी लावली, वायर बदलली. “काकू, लाईन एक नंबर हाय. डब्यातच खोट आसंल.” नवा डबा आणून खाटेशेजारच्या त्याच बोर्डावर जोडून दिला. जाताना म्हणाला, “आता न्हाई जायचं. लिहून घ्या!” म्हणून लिहितेय.

हे खाटेवरून सगळं बघत होते. मी म्हटलं, “आता बघा, नीट चालणार.” तोंड भिंतीकडे केलं. दमले असतील.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज दाराबाहेर कान देऊन उभी होते. “काका, आवाज येतोय का? म्हणा – कप. क... प.” ह्यांचं ‘ता ता’. “छान! पुन्हा.” पुन्हा ‘ता ता’. पण चालू तर होतं!

तेवढ्यात शेजारची छबूबाई खिडकीशी येऊन उभी – “आगं बया, ल्हान पोरावानी शिकवितेत व्हय?” आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. तिला चहा पाजून वाटेला लावलं. येऊन बघते तर टॅब्लेटवर ते तसंच गोल गोल फिरतंय.

नवा डबा होता!! मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

११ फेब्रुवारी
मोबाईलच्या नेटवर करावं म्हटलं. नेटला रेंज फक्त गच्चीवर. ह्यांना गच्चीवर कसं न्यायचं?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आजही तेच. मग बाईंचाच फोन आला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “ताई, पहिले काही महिने फार मोलाचे असतात. असंच चाललं तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल मला.” मी म्हटलं, एक आठवडा द्या. एकच.

अमृत म्हणतो, “आई, तूच काहीतरी चुकीचं दाबत असशील.” फोन ठेवून दिला. 

१४ फेब्रुवारी
देवा, एकदा नुसतं ‘अगं’ म्हणू देत. बाकी काही मागत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
परत कस्टमर केअर. या वेळी राजेश्वरी नावाची मुलगी. ती ‘बंद करून’ म्हणाली मात्र, माझा तोल गेला. “माझ्या माणसाची वाचा अडकलीय हो तुमच्या त्या तारेत! कोणीतरी नीट ऐका!”

वाटलं, ठेवला फोन. पण मग ती हळूच विचारायला लागली. कधी बंद पडतं? तेव्हा घरात कोण असतं? पंखा बंद पडतो का? नाही म्हटलं, पंखा फिरत असतो. “थांबा ताई, बघते.” या वेळी गाणं नाही लावलं.

मग म्हणाली, “तुमची लाईन एकदाही तुटलेली नाही. डब्याचाच करंट जातोय. बंद होतोय आणि लगेच चालू होतोय. मंगळवारी आणि शुक्रवारीच.”

“बोर्ड ढिला असेल?”

“ढिला असता तर रोज गेला असता, ताई. उद्या तुम्ही तिथं जरा लक्ष ठेवा.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी नीट विचारलं. पण बोर्डाला वार कसा कळणार?

१७ फेब्रुवारी, मंगळवार
टॅब्लेट लावून दिला आणि आज स्वयंपाकघरात न जाता खिडकीबाहेर उभी राहिले. बाईंनी चित्र वर धरलं. ह्यांनी ते बघितलं, दाराकडे बघितलं. मग डावा हात बोर्डाकडे नेला आणि बटण बंद केलं.

मी आत गेले. हात अजून बटणावरच होता. माझ्याकडे बघून ओठ थरथरायला लागले, मान ताठ झाली, आणि –

“नको.”

स्वच्छ. दिवाळीनंतरचा पहिला शब्द!

बटण मी लावलं नाही. खाटेवर बसले, त्यांचा तो हात हातात घेतला आणि म्हटलं, “बरं. अजून काय काय नको, सांगा.”