कन्याकुमारीला एक खुर्ची

१४ डिसेंबर
ठरलं. पौषात लग्नं नसतात. मंडपाचा धंदा बंद, गोडाऊन भरलेलं, मालक रिकामा. तेव्हा महाळुंगे पडवळ ते कन्याकुमारी, मोटरसायकलवर, एकटा. यूट्यूबवर सगळे एकटेच जातात. उभी हयात दुसऱ्यांच्या लग्नात कनाती बांधण्यात गेली. आता हौशीरामने स्वतःची हौस करायची.
कुशाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, मागच्या सीटवर जागा किती असती? टेप आणून मोजून दाखवली. बायकोला गाडीच्या टेक्निकल गोष्टींत एवढा इंटरेस्ट आहे, हे इतक्या वर्षांत आज कळलं.

१६ डिसेंबर
पॅकिंगचा नियम: कमीत कमी. एकच बॅग. यूट्यूबवरचा दाढीवाला म्हणतो, जे लागेल असं वाटतं त्यातलं निम्मं घरी ठेवा. पटलं. अर्थात तो मंडपवाला नाही. ऐन अक्षतांच्या वेळी काय कमी पडेल हे फक्त मंडपवाल्यालाच माहीत असतं. तरीही एकच बॅग. निश्चय झाला.

१७ डिसेंबर
बॅगेबाहेर फक्त ताडपत्री. ताडपत्रीला कोणी सामान म्हणत नाही.
संध्याकाळी: सुतळी, हातोडी, खुंट्या. ताडपत्री हवेत राहत नाही.

२० डिसेंबर
कन्याकुमारीला थंडी असती का, असं कुशाने विचारलं. माझी काळजी, दुसरं काय. एक घोंगडी घेतली. तर म्हणाली, एकच? मग दोन घेतल्या. का कोण जाणे, खूश दिसली.

२२ डिसेंबर
मंचरला दस्तगीरभाईंच्या वर्कशॉपला जाऊन आलो. आमच्या मंडपाचे पाइप तेच जोडतात. मागच्या सीटच्या जागी सामानासाठी लोखंडी फ्रेम करून घेतली. नटबोल्ट नको, डायरेक्ट वेल्डिंग, पक्कं काम. दस्तगीरभाईंनी हातातला वेल्डिंगचा होल्डर परत खाली ठेवला. मग म्हणाले, भाऊ, वैनी कुठं बसनार? त्यांना सोलो रायडिंग ही संकल्पना समजावून सांगितली. ते म्हणाले, एकटा तर मी बी राहून बघितलंय, कमरजहाँ म्हायेरी गेली व्हती तवा, चौथ्या दिवशी आनायला गेलो. जुन्या विचारांचे आहेत. दोन पिशव्यांच्या वर वजन घालू नका, असंही बजावलं. माणूस सोन्यासारखा, पण भित्रा.
घरी आल्यावर कुशाला फ्रेम दाखवली. तिने हात लावून हलवून बघितली. हलली नाही. तशीच बचत गटाच्या मीटिंगला गेली. काम बघून भारावली असावी.

२५ डिसेंबर
आमच्या लेकीने, हर्षालीने, जुन्नरहून आईसाठी पंजाबी ड्रेस आणि बूट पाठवले होते, असं आज समजलं. पाठवून आठवडा झाला म्हणे. कुशाने ते परत पिशवीत घालून माळ्यावर टाकले. म्हटलं, वापर की, शेतात काटे असतात. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पित्त झालं असेल.
बॅगा दोन झाल्या. दुसरी फक्त पहिलीत न मावलेल्या वस्तूंसाठी, म्हणून धरलेली नाही.

२७ डिसेंबर
आजची आयडिया बेस्ट. समुद्रावर सूर्योदय बघायचा तर वाळूत का बसायचं? गोडाऊनमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या लागल्यात. एक घेतली. उलटी करून सगळ्यात वर बांधली. चार पायांच्या मधे भाताचं पातेलं अगदी मापात बसतं.
कुशा दारात येऊन बघत होती. म्हणाली, एकच खुर्ची? कुनाला? म्हणालो, मला. ती आत गेली.
रात्री भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही. प्रवासी माणसाने जमवून घ्यावं.

२९ डिसेंबर
फुल लोडिंग करून टेस्ट राइड. बेल्ह्याला बाजार होता. बाजाराच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर पुढचं चाक उचललं गेलं आणि गाडी डाव्या बाजूला, अतिशय सावकाश, आडवी झाली. बैलं सोडून लोक धावत आले. चांगले लोक. एकाने विचारलं, पावणं, कुठल्या गावाला कार्य हाय? दुसरा म्हणाला, नवरदेव खुर्ची घरूनच आनतोय राव. मला गाडीखालून काढलं, मग गाडी उचलली, मग खुर्चीवर बसवून पाणी पाजलं. म्हणजे खुर्ची लागतेच, हे सिद्ध झालं.
निष्कर्ष: पुढच्या बाजूला वजन कमी पडतं. उपाय म्हणून तांदळाची पिशवी पेट्रोलच्या टाकीवर बांधली.
टेस्ट यशस्वी. कोपर सुजलंय.

४ जानेवारी
गावाने सत्कार केला. मांडव मीच घातला, ग्राहक आपलेच. शाल मिळाली, नारळ मिळाले. ते मागच्या पिशवीत. भाषणात 'कमीत कमी सामान' या विषयावर बोललो. लोक फार हसले, विनोद आवडले असणार, मी केलेले आठवत नाहीत.
आमच्या मंडळींनीही दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. कुशा उठली आणि म्हणाली, मला जागाच न्हाई ठिवली, मी काय बोलू? आणि खाली बसली. खरं होतं, बायकांच्या बाजूला फार दाटी झाली होती.

६ जानेवारी, सकाळी
अंगारकी. चांगला दिवस. निघतोय. कुशाने ओवाळलं. डोळे लाल दिसले. चुलीच्या धुराचं म्हणावं तर आमच्याकडे गॅस आहे.
संध्याकाळी
मुक्काम: मंचर. नियोजनात नव्हता. गावाबाहेरच्या खड्ड्यात फ्रेम एका बाजूला झुकली आणि मागचा टायर बसला. टेम्पोने दस्तगीरभाईंकडे आलो. ते सामानाकडे बघून म्हणाले, दोन पिशव्या म्हनलो व्हतो. मी विषय बदलला.
परत जाता येत नाही. शाल घेतलेला माणूस संध्याकाळी घरी दिसला तर गाव काय म्हणेल? वर्कशॉपच्या मागेच दस्तगीरभाईंचं घर. कमरजहाँवैनींनी उपासाचं म्हणून बटाटा करून दिला.
कुशाचा फोन आला. कऱ्हाडला पोचलो म्हणालो. हे खोटं नव्हे. शेड्यूलप्रमाणे मी कऱ्हाडलाच आहे, फक्त गाडी मागे आहे.

७ जानेवारी
शेड्यूलप्रमाणे बेळगाव. टायर झाला, फ्रेम बाकी. वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसलो. ओळखीचं कोणी दिसलं की वर्तमानपत्र वर करतो. ताडपत्री, घोंगड्या, पातेलं, सगळं बरोबर आहे, तरी करमत नाही. एवढ्या सामानात बोलायला कोणी नाही. हे आधी लक्षात यायला हवं होतं. पुढच्या वेळी रेडिओ घेणे.

८ जानेवारी
शेड्यूलप्रमाणे कारवार, म्हणजे समुद्र. फोनवर कुशा म्हणाली, मला लाटांचा आवाज आयकवा की. माणसाकडे प्रसंगावधान पाहिजे. दस्तगीरभाईंच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि फोन जवळ धरला. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, ठोकायचा आवाज कशाचा? म्हणालो, इथे होड्या दुरुस्त करतात. म्हणाली, लई भारी हाय समुद्र. मी जन्मात बघितला न्हाई.
फोन ठेवल्यावर चहा घ्यावासा वाटला नाही. कमरजहाँवैनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, भाईजान, लाट बंद करा, वीज जळतीय.

९ जानेवारी
सकाळच्या एसटीतून कुशा उतरली. अंगात पंजाबी ड्रेस, पायात बूट, हातात कापडी पिशवी. मी खुर्चीत बसून पोहे खात होतो. पळायला वेळ मिळाला नाही आणि बशी भरलेली होती.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कमरजहाँवैनींनी तिला पहिल्या दिवशीच कळवलं होतं. कऱ्हाडपासून कारवारपर्यंत ती सगळं माहीत असून ऐकत होती. म्हणाली, तुमी कुठवर जाताय ते बघत व्हते.
मग माझ्यासमोर उभी राहून सरळ बोलली. मला यायचं व्हतं. लेकीकडून बूट मागवले, घोंगडी दुसरी घ्यायला लावली, आनखी काय करायचं? तुमी पातेल्याला जागा केली. मला इचारलंबी न्हाई.
दस्तगीरभाई खाली बघून पान्हे पुसत होते. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. फार वाईट वाटलं, आणि त्यासाठी काही कारण काढून इथे लिहिता येईल असंही वाटत नाही.
दस्तगीरभाईंना फ्रेम कापायला सांगितली. म्हणाले, मी त्याचीच वाट बघत व्हतो, ग्राइंडर कालपासून काढून ठिवलाय. जुनी सीट त्यांनी जपून ठेवली होती. सामान सगळं वर्कशॉपमध्ये ठेवलं.

९ जानेवारी, दुपारी
माळशेज घाट, वरचा टप्पा. बरोबर कुशाची पिशवी, तिच्यात टॉवेल, दशम्या आणि लसणाची चटणी. गाडी कापसासारखी हलकी चालली. हिने ओतूरपर्यंत मागचा दांडा धरला होता, पुढे माझा खांदा धरला. खाली कोकण दिसत होतं. मी म्हणालो, चल, इथून उतरू आणि थेट कन्याकुमारी गाठू, काही लागत नाही बरोबर, मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो.
ती दशमी मोडता मोडता म्हणाली, कन्याकुमारीचं माझं ठरलंय. बचत गटाच्या बायका फेब्रुवारीत रेल्वेने निघाल्यात. ज्या दिवशी फ्रेम बसवली, त्याच दिवशी हिने मीटिंगमध्ये नाव दिलं. तिकिटं आली. बाप्यांना न्यायचं नव्हतं, पण पिशव्या चढवाय-उतरवायला एक गडी लागतोय, त्याची जागा अजून शिल्लक आहे. येताय का, म्हणाली.
फेब्रुवारीत लग्नाच्या तारखा असतात. धंद्याचा विचार करावा लागेल, कळवतो, असं मी म्हणालो. दशमी संपायच्या आत हो म्हणालो.
तेव्हा नोंद: कन्याकुमारी मोहिमेच्या संपूर्ण सामानाची जबाबदारी एकमताने माझ्याकडे सोपवण्यात आली आहे.
निघताना गाडीला किक मारायच्या आधी विचारून घेतलं, माझी सीट तुझ्या शेजारी आहे का? म्हणाली, इचारलं ते बरं केलं. बायकांना इचारून सांगते.