कबुलीनंतरचा हिवाळा

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार

पुन्हा तारीख! ही चौथी.

मार्चमध्ये क्षितिजने कोर्टात उभं राहून स्वच्छ सांगितलं – हो, मी लोकांना फसवलं. घरांच्या कर्जात गुंतवतो म्हणून मराठी मंडळातल्या माणसांकडून पैसे घेतले आणि एकाचे दुसऱ्याला देत राहिलो. आधी ठरलं होतं त्याप्रमाणे कबुली दिली, सरकारी वकिलांनी बाकीचे आरोप सोडले. मग आता शिक्षा द्या की! जूनमध्ये म्हणे शिक्षेआधीचा अहवाल तयार नव्हता. ऑगस्टमध्ये आमचा वकील दुसऱ्या खटल्यात. सप्टेंबरमध्ये हिशेब तपासणारा आला नाही. आज वकिलाची पाठ धरली.

मिरजेला आमचे आठल्ये गुरुजी छडी उगारत आणि मधेच फळ्यावर काहीतरी लिहायला वळत. आम्ही हात पुढे करून उभे. छडी परवडली, ते उभं राहणं नको.

जयंतीताई आजही मागच्या बाकावर होत्या. आयुष्यभर नर्सची नोकरी केली. नवऱ्यामागे राहिलेली पुंजी माझ्या मुलाच्या हातात दिली. आपलं काय झालं ते न्यायाधीशांसमोर वाचायचा त्यांना हक्क आहे. तो कागद पर्समध्ये घेऊन दर वेळी दोन बस बदलून येतात आणि न वाचता परत जातात. म्हटलं, सोडतो घरी. "तुमच्या गाडीत? नको, सुधाकरराव." बरोबर आहे त्यांचं.

१८ नोव्हेंबर

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या. ऐसपैस बसलो! फराळाचे दोन लाडूही जास्त घेतले. मुलाने चोरी केली म्हणून बापाने तोंड लपवावं, असं वाटतं लोकांना. नाही लपवणार.

५ डिसेंबर

वरणाचं पातेलं लागलं. फोन आला होता, त्यात राहून गेलं. फ्रिजमध्ये दुधाच्या चार पिशव्या निघाल्या. सेल असेल.

१३ डिसेंबर, बुधवार

पहिला मोठा बर्फ. कॅनडातलं आमचं हे मार्कहॅम सगळं पुसून टाकल्यासारखं! सकाळीच शोव्हल करायला उतरलो. क्षितिज आत बूट शोधत होता, म्हटलं तू राहू दे. तो माझ्या जामिनावर आहे, माझ्या बेसमेंटमध्ये राहतो, माझ्याशिवाय कुठे जायचं नाही अशी कोर्टाची अट. म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी जेलर! जेलरने का कैद्याकडून बर्फ काढून घ्यावा?

फावड्याच्या ठेक्यावर खंड्याची कविता म्हणत होतो. तिसरीच्या पुस्तकातली, पाच कडवी. तळ्यावर वाकलेली फांदी, निळा खंड्या, त्याची ती टपकन उडी... गुरुजी म्हणायचे, उडी आली की आवाज खाली घ्यायचा. मी अजून घेतो. चौथ्या कडव्याशी जरा थांबलो, गारठ्याने जीभ वळेना, तर मागून क्षितिजने पुढची ओळ म्हटली. त्याला कधी पाठ झाली? मराठी धड वाचता येत नाही त्याला! म्हणाला, "बाबा, यू से इट एव्हरी डे." बरं वाटलं. पण ते त्याला दाखवलं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

आजची तारीख. क्षितिज म्हणाला, रस्ते निसरडे आहेत, तुम्ही येऊ नका, वकील मला घेऊन जातील, त्यांनी परवानगी काढली आहे. ऐकलं.

दुपारी जयंतीताईंचा फोन. कधी नव्हे तो.

"तुम्हाला बरं नाही का?"

"ठणठणीत आहे. का?"

मग सांगितलं. वकिलाने आज कोर्टाला सांगितलं की आरोपीचे वडील वृद्ध आहेत, विसरतात, एकटेच बडबडत अंगणात फिरतात, आरोपीच त्यांना सांभाळतो. सोय लागेपर्यंत शिक्षा लांबवा.

माझ्या नावावर तारीख! माझी खंड्याची कविता म्हणजे बडबड!

२० डिसेंबर

काल जेवलो नाही. आज विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आय डिडन्ट मेक इट अप, बाबा. स्टोव्ह रोज कोण बंद करतं?" म्हटलं, लोकांची घरं गहाण टाकलीस, आता तुरुंग टाळायला बापाचं म्हातारपण गहाण टाकतोस? तो खाली निघून गेला. थोड्या वेळाने दाराशी पोळी-भाजीचं ताट ठेवलेलं. तसंच राहू दिलं. नंतर खाल्लं – अन्नावर कसला राग.

११ जानेवारी २०१८

स्टोव्हची बटणं काढून ठेवली होती त्याने. शोधून पुन्हा लावली. चारही!

सरकारी वकीलबाईंना फोन केला. मला न्यायाधीशांशी बोलायचं आहे म्हटलं. माझ्याबद्दल सगळे बोलतात, मला कुणी विचारत नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

सूट घातला. गाडी मीच चालवली. वाटभर क्षितिजचं "लेफ्ट, बाबा, लेफ्ट" चाललेलं. चाळीस वर्षं राहतोय मी इथे!

शपथ घेतली. आमचाच वकील अगदी मऊ आवाजात विचारतो, आज कोणता दिवस? म्हटलं, मंगळवार, तेवीस जानेवारी, माघ शुद्ध षष्ठी. हवं तर लिहून घ्या. एकटेच बोलता म्हणे? म्हटलं, ती कविता आहे, मला पूर्ण येते, म्हणून दाखवू का? न्यायाधीशबाई हसल्या, नको म्हणाल्या. तयारी करून गेलो होतो, जरा हिरमुसलो.

मग म्हटलं, मी याला सांभाळतो, हा मला नाही. माझ्या नावावर आणखी एक दिवस देऊ नका. मागे बसलेल्या त्या बाईंना दोन बस बदलाव्या लागतात.

नऊ फेब्रुवारी. यापुढे तारीख नाही!

क्षितिजने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग चालला असता मला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन वर्षं.

जयंतीताईंनी कागद वाचला. घड्यांवर फाटला होता, आवाज मात्र कुठे फाटला नाही. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत रात्रपाळ्या करून साठवलेलं, हे वाचताना त्यांनी क्षितिजकडे बघितलं, आणि त्यानेही मान वर ठेवून ऐकलं. तेवढं तरी केलं त्याने.

नेताना पट्टा आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. म्हणाला, "झोपायच्या आधी चारही बटणं बघा, बाबा." लोकांसमोर!

बाहेर जयंतीताई थांबल्या होत्या. "चला, सोडा मला घरी." पहिल्यांदाच बसल्या गाडीत. दोनदा म्हणाल्या, "डावीकडे, सुधाकरराव." क्षितिजसारखंच.

जिंकलो आज. जिंकलोच.

२५ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर बर्फ पडला. एकटाच शोव्हल घेऊन उतरलो. खंड्याची कविता सुरू केली. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं नाही. पुन्हा पहिलं म्हटलं. मागे वळून बघितलं – उगाच.

आत येऊन बटणं बघितली. एक चालू होतं.

शनिवारी क्षितिजला भेटायची परवानगी आहे. आधी त्याच्याकडून पुढची ओळ घेईन. मग रागवीन.