पोपटीवर ओतलेली बादली

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
खुली पाककला व ग्रामीण सहल परवाना कक्ष,
पनवेल.

अर्जदार : प्रमिला गोरख भोईर, वय ४४, रा. नेरे, ता. पनवेल. व्यवसाय : 'शेतावरची पोपटी' या नावाने पाहुण्यांना रांधायला शिकवणे व जेवू घालणे.

विषय : दि. १८ जानेवारी २०२६ च्या अपघाताच्या पंचनाम्यातून साळू अनंता हिलम हिच्याबद्दलचा खोटा मजकूर काढणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे दि. २ फेब्रुवारीचे पत्र व त्यासोबत सहीसाठी आलेला तयार जबाब.

महोदय,

१. हा अर्ज बसून वाचावा, उभ्याने शेरा मारू नये. आपण पाठवलेला जबाब साडेचार ओळींचा आहे. त्यावर सही केली तर अर्जदाराचा थांबवलेला परवाना पंधरा तारखेपासून पुन्हा चालू होईल, असे पत्रात म्हटले आहे. अर्जदार सही करणार नाही. का करणार नाही, ते साडेचार ओळींत मावत नाही.

२. पोपटी काय असते हे आपण या भागातले असल्याने जाणताच. आपल्या छापील नमुन्याला ते ठाऊक नाही, म्हणून लिहावे लागते. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्याचा थर देतात, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बुजवायचे, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. आत पाणी घालत नाहीत. शिजले का ते पाहायला बाहेरून दोन थेंब शिंपडतात. चर्र वाजले की विस्तव काठीने बाजूला ओढतात आणि मडके गोणपाटात धरून उचलतात. तापल्या मडक्यावर बादली कोणी ओतत नाही. हे आमच्याकडे शिकवावे लागत नाही, पोर चालायला लागले की कळते.

३. अर्जदाराने तीन हिवाळ्यांपूर्वी हे काम सुरू केले तेव्हा आठ पाहुणे होते आणि दोन मडकी. मडकी लावायला साळू होती. साळू डोंगराखालच्या कातकरी वाडीतली. पावसाळ्यात भोईरांच्या शेतावर, एरवी वीटभट्टीवर, असे तिचे वर्ष जाई. पाला किती दाबायचा, आच कुठून द्यायची, यात तिचा हात धरणारे नेऱ्यात कोणी नाही. पाहुणे विचारत, किती मिनिटे ठेवायचे? साळू म्हणे, "घड्याल तुज्या हातान हाय, नाक माज्याकर हाय."

४. पुढे नवीन पनवेलच्या कादंबरीताई आल्या आणि जाहिरात व कागदपत्रे पाहू लागल्या. त्यांनी फोनवर फोटो टाकले आणि आठाचे साठ झाले. मडकी बावीस, हाताखाली साळू धरून वाडीवरच्या चौदा बाया. अर्जदाराला त्याचा आनंदच झाला, खोटे कशाला लिहा. त्या बायांनी एक हिवाळा भट्टीचे तोंड पाहिले नाही. पण साठ माणसे जमली की परवाना लागतो, म्हणून आपल्या कक्षात येणे झाले.

५. आपल्या नमुन्यात ओट्याची उंची विचारली होती. शेतात ओटा नाही असे लिहिले तर अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. कादंबरीताईंनी अडीच फूट लिहिले तेव्हा पुढे गेला. भांबुर्डीच्या पुरवठादाराचे प्रमाणपत्र मागितले. ती बांधावर आपोआप उगवते. शेवटी अर्जदाराने स्वतःच्याच बांधाला प्रमाणपत्र दिले आणि ते आपण शिक्का मारून स्वीकारले. रबरी हातमोजे सक्तीचे केले. साळू म्हणाली, "मोजं घालून शेंगा भरल्याव मीठ कमी का जास्त, कुनाला इचारू, मोज्याला?" सगळे हसले. अर्जदारही हसली आणि मोजे आणून ठेवले.

६. 'कर्मचारी संख्या' या रकान्यात कादंबरीताईंनी शून्य लिहिले. त्या म्हणाल्या, "प्रमिलाताई, कर्मचारी दाखवले की आणखी चार परवानग्या. आपण त्यांना सहभागी ग्रामस्थ म्हणू. ऐकायला पण छान वाटतं." चौदा बाया राबत असताना शून्यावर अर्जदाराने सही केली. त्या दिवशी ते काम उरकल्यासारखे वाटले होते.

७. परवान्याची अट क्र. ७ : "कार्यक्रमाची वेळ संपताच प्रत्येक अग्नी पाणी ओतून पूर्णपणे विझवावा." ही अट शेकोटीची आहे. कोणत्या तरी हॉटेलच्या हिरवळीवरची शेकोटी पाहून लिहिलेली असावी. अर्जदाराने तुमच्या टेबलाशी उभे राहून सांगितले होते, की पोपटीला हे चालत नाही. उत्तर मिळाले, "बाई, सगळ्यांना एकच नमुना असतो."

८. दि. १८ जानेवारी, रविवार. परवान्यातली वेळ साडेपाचची. मुंबईहून आलेल्या कंपनीच्या गाड्या पळस्प्याला अडकल्या, त्यामुळे शेवटची दोन मडकी उशिरा लागली. पाच वीसला आपले निरीक्षक श्री. सुभाष खरमाटे विझलेल्या आगीचा फोटो घ्यायला आले. दोन मडक्यांभोवती निखारे लाल होते. त्यांना सांगितले, दहा मिनिटे द्या, विस्तव बाजूला ओढतो. ते म्हणाले, "ओढलेला विस्तव विझलेला नसतो. मला धूर न निघणारा फोटो पाहिजे, नाहीतर आजच सील." साळूला थेंब शिंपडताना त्यांनी पाहिले होते. तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पाणी चालतं की. आता नाही म्हणत होतात." साठ माणसांपैकी निम्मी पत्रावळी घेऊन बसली होती, निम्मी फोन धरून उभी होती.

९. साळूने बादली ओतली. मडके फुटले. आतली वाफ आणि खापऱ्या तिच्या तोंडावर आल्या. डावा डोळा गेला आहे. गाल, मान आणि उजवा हात भाजला आहे. पाहुण्यांपैकी कोणाला ओरखडाही नाही, कारण सगळे फोटोसाठी मागे सरकले होते. पुढे फक्त साळू होती.

१०. आता पंचनामा. त्यात लिहिले आहे, की सदर महिला पाहुणी होती, कारण परवान्यावर कर्मचारी शून्य आहेत. मनाई केली असता तिने पाणी ओतले आणि ती मद्यप्राशन केलेली 'दिसून आली'. कोणाला दिसून आली? डोळ्यातून रक्त वाहत असताना माणूस झोकांड्या देतो, साहेब. रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले आहे, की दारूचा वास नाही. साळू दारूला शिवत नाही. शिवत असती तरी त्या दिवशी शिवली नव्हती, आणि तेवढाच प्रश्न आहे. कातकरीण पडली म्हणजे प्यालेली असणार, हे लिहिताना आपल्या माणसाचा हात अडखळला नाही. हीच बाई नवीन पनवेलची असती तर 'चक्कर आली' असे लिहिले असते.

११. दि. २ फेब्रुवारीच्या पत्रात आपण परवाना थांबवण्याची दोन कारणे देता. एक, आग पाण्याने न विझवल्यामुळे अट क्र. ७ चा भंग झाला. दोन, आगीवर पाणी ओतल्यामुळे अपघात झाला. मध्ये सहा ओळींचे अंतर आहे. दोन्हींखाली आपलीच सही आहे.

१२. आणि तयार जबाबात अर्जदाराने म्हणायचे आहे, की साळू न विचारता आत आली, दारू प्यायली होती, आणि मनाई केली असता तिने पाणी ओतले. सही केली तर वालाच्या शेंगांचे उरलेले दिवस तरी हाती लागतील, आलेली आमंत्रणे टिकतील, आणि बाकीच्या तेरा बाया भट्टीवर जाणार नाहीत. कादंबरीताई रोज फोन करतात : "ताई, एका वाक्याचा प्रश्न आहे. साळूला काय वाचता येणारे का?" नाही येत. म्हणूनच तर.

१३. एक गोष्ट पंचनाम्यात नाही, कारण ती अर्जदाराने अजून कोणाला सांगितलेली नाही. श्री. खरमाटे यांनी सांगूनही साळू हलली नव्हती. बादली खाली ठेवून ती अर्जदाराकडे वळली आणि म्हणाली, "बाय, मडका फुटल." अर्जदार म्हणाली, "फुटला तं फुटला. परवाना ऱ्हाला पायजे. वत." मडके फुटणार हे अर्जदाराला पुरते ठाऊक होते. फक्त मडकेच फुटेल असे तिने धरले होते.

१४. सबब मागणी अशी :

(अ) पंचनाम्यातील 'पाहुणी', 'मद्यप्राशन' आणि 'मनाई केली असता' हे तिन्ही शब्द काढून टाकावेत.

(आ) साळू अनंता हिलम ही कामावर होती, तीन हिवाळे कामावर होती, असे लिहावे. शून्यावरची सही अर्जदाराची आहे आणि ती खोटी आहे.

(इ) पाणी ओतायला लावणाऱ्यांची नावे या क्रमाने घालावीत : श्री. सुभाष खरमाटे, निरीक्षक. प्रमिला गोरख भोईर, अर्जदार.

(ई) परवाना पुन्हा चालू करू नये. मूळ प्रत सोबत परत करीत आहे. आपल्या पत्रात कळवलेल्या दि. १२ च्या सुनावणीला अर्जदार येईल आणि वरील प्रत्येक ओळ तोंडाने सांगेल.

नम्रपणा संपला आहे, सही खरी आहे,

प्रमिला गोरख भोईर
नेरे, दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) सही न केलेला तयार जबाब. २) रुग्णालयाच्या कागदाची प्रत. ३) परवाना, मूळ प्रत.

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी हा अर्ज साळूला तिच्या खाटेशी बसून वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले. मागणी (इ) पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "तुजा नाव पयला लिव, बाय. त्याचा मी आयकलाच नसता." तरी मागणी (इ) मधील क्रम बदलून वाचावा.