रंगूनच्या सुनेचं लाकूड

शहादा, मार्गशीर्ष, सन १९४२

आज जीभ फार घसरली. लेकाने रंगूनहून आणलेल्या बर्मी सुनेने देवाच्या सहाणेवर तिकडचं सुवासिक लाकूड उगाळून गालांना फासलं. मी ओरडले, “देवनी सहाण शे ती, तोंड रंगावानी नही!”

“मा, गलती हुआ,” म्हणत तिने सहाण घासघासून धुतली. मग जेवलीच नाही.

लढाईतून पायी येताना दोघांनी कपडेसुद्धा वाटेत टाकले, पण ते लाकूड तिने जपलं. मी कुंकवाचा करंडा टाकला असता का?

संध्याकाळी तिच्यापुढे दुसरा दगड ठेवला. तिने उगाळलं, गालांना लावलं. तेवढ्यात शेजारीण आली. “तुनी सूननी तोंडले हाई काय लावं वं?”

“आमना घरनी रीत शे.”

बोलून तर गेले. आता निभावायला हवं.