लेन्स जोडलेली नाही

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
शिस्तभंग कार्यवाही कक्ष,
त्रिधारा शीटमेटल वर्क्स,
निघोजे–महाळुंगे रस्ता, चाकण औद्योगिक क्षेत्र, जि. पुणे.

अर्जदार : सौ. सुमन दामोदर येळवंडे, गुणवत्ता निरीक्षक, रा. निघोजे.

विषय : वेल्डर श्री. नौशाद मीरासाहेब मुलाणी यांचे निलंबन ज्या अस्पष्ट छायाचित्रावरून झाले, ते छायाचित्र पुन्हा काढता यावे म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्सचे फर्मवेअर अद्ययावत करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) निलंबन आदेश, दि. ४ ऑक्टोबर २०२५.
२) संगणक विभागाकडे केलेल्या विनंत्या, एकूण सहा. उपयोगी पडलेली उत्तरे, एकूण शून्य.

महोदय,

कंपनीच्या छापील नमुन्यात "मी" लिहायला बंदी आहे. सर्वत्र "अर्जदार" असे लिहावे, अशी तळटीप आहे. अर्जदार बावीस वर्षे नियमाने वागत आली आहे, त्यामुळे हाही नियम पाळते आणि सविनय सादर करते की,

१. अर्जदाराचे काम तयार माल तपासण्याचे आणि नापास मालाचे छायाचित्र काढून अहवालाला जोडण्याचे आहे. दि. ३ ऑक्टोबर रोजी, म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी, ग्राहक कंपनीने गाडीच्या सीटखालचा एक ब्रॅकेट, म्हणजे आधाराचा पत्रा, संशयावरून परत पाठवला. त्यावर ४१ हा वेल्डरचा ठोकलेला क्रमांक होता, आणि ४१ म्हणजे नौशाद मुलाणी. अकरा वर्षांत या माणसाचा एकही वेल्ड परत आलेला नव्हता. अहवाल पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता. अर्जदाराने कॅमेरा लावला, तर लेन्स फोकस घेईना. खूप झटापट केल्यावर एक छायाचित्र निघाले, तेही धुक्यातून काढल्यासारखे. त्यात वेल्डच्या कडेला एक काळी रेघ दिसत होती. अर्जदाराने खाली स्वतःच्या हाताने लिहिले, "चित्र अस्पष्ट, पुन्हा काढणे." वरिष्ठांनी चित्र पाहिले आणि खालची ओळ वाचली नाही. दुसऱ्या दिवशी त्या रेघेला "तडा" हे नाव मिळाले आणि नौशाद यांना घरचा रस्ता.

२. यावर आपण सहज विचाराल की, ब्रॅकेट तर जागेवरच आहे, तोच का पाहत नाही? अर्जदारानेही हेच विचारले होते. तो ब्रॅकेट नापास मालाच्या लाल जाळीत कुलूपबंद आहे. जाळीबाहेर उभे राहिले तर डोळ्यांना चांगला दिसतो आणि तडा कुठेच दिसत नाही. पण डोळ्यांनी पाहिलेले फाईलला टाचणीने लावता येत नाही, असे अर्जदारास सांगण्यात आले. मोबाईल आत आणायला बंदी आहे, त्यामुळे पुरावा म्हणून कंपनीच्या एकुलत्या एक कॅमेऱ्याचेच छायाचित्र लागते, मग ते धुक्याचे का असेना. ही लाल जाळी ९ नोव्हेंबरला भंगाराच्या गाडीत रिकामी होणार आहे आणि आपली चौकशी १० नोव्हेंबरला आहे. म्हणजे आधी पुरावा वितळवायचा आणि मग त्याचा विचार करायचा. ज्यांनी या तारखा ठरवल्या, त्यांच्या घरी लग्नाच्या तारखाही तेच काढत असतील तर देव त्यांचे भले करो.

३. लेन्स बिघडण्याचे कारण अर्जदाराने शोधले. लेन्स बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर लिहिले आहे की, लेन्सच्या पोटात एक छोटी आज्ञावली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती जुनी झाली की लेन्स फोकस घेत नाही. अद्ययावत करण्यासाठी वाटीसारखे एक यंत्र मिळते. त्यावर लेन्स पालथी बसवायची, वाटीची तार संगणकाला जोडायची आणि एक बटण दाबायचे. संकेतस्थळाप्रमाणे एकूण वेळ चार मिनिटे. अर्जदाराला आतापर्यंत बत्तीस दिवस लागले आहेत आणि बटण अजून दिसलेले नाही.

४. गुणवत्ता विभागाच्या संगणकाची तारा जोडायची सगळी भोके कंपनीने लाखेने बंद केली आहेत, का तर कोणी माहिती चोरून नेऊ नये. एक भोक उघडण्यासाठी संगणक विभागाचा फॉर्म भरावा लागला. त्यात "जोडावयाच्या उपकरणाचा कर्मचारी क्रमांक" असा रकाना आहे. अर्जदाराने "लेन्स कर्मचारी नाही" असे लिहिल्यावर फॉर्म परत आला. दुसऱ्या वेळी अर्जदाराने स्वतःचा क्रमांक लिहिला, तो मंजूर झाला. तेव्हापासून कागदोपत्री अर्जदार हीच लेन्स आहे. मध्ये दिवाळी आली. लाख फोडली, तार जोडली आणि पडद्यावर उमटले : लेन्स जोडलेली नाही.

५. संगणक विभागाचे प्रमुख श्री. सिद्धेश यांनी लांबूनच पाहून निदान केले, "ताई, कॉम्पॅटिबिलिटीचा इश्यू आहे." हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणतात, हे मोजायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. आकडा चुकला, कागद अडकला, चहा गार झाला, सगळ्याला हाच इश्यू. त्यांनी संगणक बंद करून चालू करायला सांगितले. अर्जदाराने ते अकरा वेळा केले. बाराव्या वेळी संगणकानेच नकार दिला.

६. त्यानंतर लेन्स संगणक विभागाच्या इमारतीत न्यावी असे ठरले. ती इमारत गेटच्या पलीकडे आहे. गेटवर कॅमेरा दिसला की त्याच्या डोळ्यावर स्टिकर लावायचा नियम आहे. सुरक्षारक्षकाने तो थेट लेन्सच्या काचेवर चिकटवला. अर्जदाराने आरडाओरडा केला, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, नियम आहे, मी काय करू?" जी लेन्स दिसत नाही म्हणून दवाखान्यात चालली होती, तिच्या डोळ्यावर वाटेतच पट्टी बांधली गेली. डिंक काढायला अर्धा दिवस गेला.

७. श्री. सिद्धेश यांचा संगणक इतका नवा की वाटीची आज्ञावली त्याला ओळख देईना. शेवटी उघडली आणि म्हणाली : लेन्स जोडलेली नाही. मग भांडारातला जुना संगणक काढला. त्याने आधी आपले वय सांगितले, मग असमर्थता सांगितली, आणि मग तेच वाक्य. चौथा संगणक प्लांटप्रमुखांचा, पांढरा आणि फार सडपातळ. त्याला भोकच वेगळे होते. जोडणीसाठी बोटभर लांबीचा तुकडा मागवायचा तर खरेदी विभागाला तीन दरपत्रके हवी होती. ती आली, तुकडा आला, जोडला. वाक्य तेच. चार संगणक, चार वयांचे, चार खोल्यांतले, आणि चौघांच्याही तोंडी एकच पाठ केलेले वाक्य. कंपनीने एवढी यंत्रे घेतली, पण त्यातले एकही कामाचे नाही. संगणक विभाग हा या कारखान्याचा सर्वांत मोठा नापास माल आहे आणि त्याची जागा लाल जाळीत आहे, असे अर्जदाराचे स्पष्ट मत आहे.

८. नौशाद यांच्या घरी बिल्किसभाभी आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली आहेत. चौकशीत तडा कायम राहिला तर त्यांची नोकरी जाईल. शिवाय वेल्डरच्या नावापुढे एकदा तडा लागला की या पट्ट्यात दुसरे कोणी दारात उभे करत नाही, हे आपणही जाणता. तरी कृपया लेन्स दुरुस्त करून मिळावी आणि भंगाराची गाडी थांबवावी, ही विनंती.

(पुरवणी. परिच्छेद १ ते ८ बुधवार, दि. ५ रोजी लिहून झाले होते. पुढचे शनिवारी, दि. ८ रोजी लिहिले आहे. वरचा एकही शब्द खोडलेला नाही. अर्जदाराची जीभ किती लांब आहे, हेही चौकशीत दिसले पाहिजे.)

९. गुरुवारी कंपनीला साप्ताहिक सुट्टी असते. अर्जदाराने आदल्या दिवशीच रीतसर गेटपास करून लेन्स आणि वाटी बरोबर घेतली होती. आकुर्डीत स्टेशनजवळ आरफा शेख यांचे कॅमेरा दुरुस्तीचे दुकान आहे. तिथे जायला नौशाद यांनीच आपल्या मोटारसायकलवर मागे बसवून नेले, कारण त्यांना सध्या वेळच वेळ आहे. आरफा यांचा संगणक नऊ वर्षांचा आहे आणि त्याच्या पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीएवढा येतो. अर्जदाराने आधीच बजावले की, इथेही इश्यूच येणार. आरफा यांनी संगणकाला हातसुद्धा लावला नाही. लेन्स पालथी केली. मागच्या बाजूला पितळी टिकल्यांची एक ओळ असते. त्या टिकल्यांतून लेन्स कॅमेऱ्याशी आणि वाटीशी बोलते. आरफा यांनी भिंगातून पाहिले, पांढऱ्या कापडाने पुसले आणि कापड पुढे केले. ते लाल झाले होते.

१०. त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, दसऱ्याला हिला कुंकू लावलं होतं का?"

११. दि. १ ऑक्टोबरला, खंडेनवमीला, आपल्या कारखान्यात दरवर्षीप्रमाणे सगळ्या यंत्रांची पूजा झाली. प्रेसला हार घातले, मापपट्ट्यांना, पान्यांना आणि संगणकांना हळदकुंकू वाहिले. तपासणी विभागाची पूजा अर्जदाराकडे असते. तिने कॅमेराही सोडला नाही. लेन्स काढून हातात घेतली तेव्हा तबक धरायला नौशाद उभे होते. ते म्हणाले होते, "ताई, काचेला नका लावू, डाग राहील." अर्जदाराला ते पटले. म्हणून तिने काच सोडली आणि लेन्स उलटी करून मागे, त्या पितळी टिकल्यांवर, पाण्यात कालवलेले कुंकू बोटाने व्यवस्थित टेकवले. पाचही टिकल्यांना. एकही सुटू नये म्हणून दोनदा.

१२. कुंकू पुसल्यावर आरफा यांच्या गिरणीसारख्या संगणकाने लेन्स पहिल्याच झटक्यात ओळखली. फर्मवेअर अद्ययावत करायची गरजच नव्हती. जाता जाता त्यांनी तेही केले. चार मिनिटे लागली. तात्पर्य, चार संगणक बत्तीस दिवस एकच गोष्ट सांगत होते आणि ती खरी होती. लेन्स जोडलेली नव्हती. संगणक विभागाबद्दल वर जे लिहिले आहे, त्यातले निम्मे अर्जदार मागे घेते. स्टिकरचे आणि कर्मचारी क्रमांकाचे मागे घेत नाही.

१३. दुकानाबाहेर आल्यावर अर्जदाराने नौशाद यांना विचारले की, त्यांना हे आधी ठाऊक होते का. त्यांनी मोटारसायकलला किल्ली लावली. मग म्हणाले, "शंका होती ताई. फोटो धुरकट आला म्हणालात, तेव्हाच आली होती." अर्जदार ओरडली, "आरं, मग महिनाभर घरी बसलास अन् बोलला न्हाईस व्हय?" त्यावर त्यांनी जे उत्तर दिले, ते आपण कार्यवाहीच्या नोंदीत जसेच्या तसे घ्यावे अशी विनंती आहे. ते म्हणाले, "तुम्ही एवढ्या मनापासून लावत होता. पूजेनं बिघडलं, हे माझ्या तोंडून निघालं असतं, तर लोकांनी ते लेन्सपुरतं ठेवलं नसतं. वाटलं, फर्मवेअरनं होईल नीट."

१४. अर्जदाराने बत्तीस दिवस सगळ्या जगाला नावे ठेवली. सिद्धेश मूर्ख, रक्षक मूर्ख, संगणक मूर्ख. ज्याला खरे कारण ठाऊक होते तो गप्प बसला, आणि तो का गप्प बसला हे कळल्यापासून अर्जदाराला जेवण गोड लागत नाही.

१५. शुक्रवारी सकाळी जाळीबाहेरून त्याच ब्रॅकेटचे छायाचित्र पुन्हा काढले. ते इतके स्वच्छ आहे की ४१ मधला एक किंचित वाकडा ठोकला आहे हेही दिसते. ती काळी रेघ तडा नसून वेल्डच्या बाहेर उडालेल्या वितळलेल्या धातूच्या शिंतोड्यांची ओळ आहे. पत्र्याच्या पट्टीने खरवडली तर निघून येईल. वेल्ड अखंड आहे.

१६. म्हणून अर्जदाराची मूळ विनंती रद्द समजावी आणि पुढील विनंती दाखल करून घ्यावी. लेन्स दुरुस्त झाली आहे, ती नको; भंगाराची गाडी मात्र थांबवावीच. नौशाद मुलाणी यांचे निलंबन आजच मागे घ्यावे. १० तारखेची चौकशी रद्द करू नये. खुर्ची मांडलेली आहे, कागद तयार आहेत, फक्त आरोपीचे नाव बदलावे. आदेशात "निष्काळजीपणामुळे उत्पादनास बाधा" असा शब्दप्रयोग आहे, तोही तसाच ठेवता येईल.

१७. आणि त्या नोंदीत "अर्जदाराकडून अनवधानाने कुंकू लागले" असे कोणी सोयीचे वाक्य घालू नये, म्हणून शेवटच्या ओळीपुरता नमुना मोडते. त्याची जी काय शिक्षा असेल ती द्यावी. कुंकू मी लावलं.

आपली, यापुढे बोलण्याआधी पुसून पाहणारी,

(सही)
सुमन दामोदर येळवंडे
निघोजे, दि. ८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) दि. ३ ऑक्टोबरचे अस्पष्ट छायाचित्र, अर्जदाराच्या न वाचलेल्या शेऱ्यासह.
२) दि. ७ नोव्हेंबरचे स्पष्ट छायाचित्र.
३) आरफा शेख यांच्या दुकानातले पांढरे कापड, लाल डागासह. कृपया धुऊ नये.